चालकाचा रक्तदाब आणि मालकाची नोंदवही

पनवेल हे पूर्वीपासून वाटसरूंचे गाव. घाटमाथ्यावरून बंदराकडे आणि बंदरावरून घाटमाथ्याकडे जाणारा माल ह्याच वाटेने जात असे. त्या वाटांचे आता महामार्ग झाले आहेत. कळंबोलीहून द्रुतगती मार्ग पुण्याकडे निघतो, पळस्पे फाट्यावरून गोव्याचा रस्ता फुटतो, न्हावा-शेव्याच्या बंदरात १९८९ पासून उतरणारे कंटेनर ह्याच परिसरात येऊन थांबतात आणि तळोजाच्या औद्योगिक वसाहतीतून टँकर बाहेर पडतात. कोकणात जाणाऱ्या एसटी गाड्या पनवेलच्या स्थानकात क्षणभर विसावतात. गावातल्या गावात रिक्षा आणि सहा आसनी मिनीडोर धावतात. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला, २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबई विमानतळावरून प्रवासी विमाने उडू लागली आणि टॅक्सीचालकांची नवी गर्दी ह्या तालुक्यात आली. वाहन चालवून पोट भरणारी इतकी माणसे एकत्र दिसावीत अशी ठिकाणे महाराष्ट्रात फार नाहीत.

ह्या प्रत्येक गाडीची कागदपत्रे चोख असतात, निदान असावी लागतात. विमा, परवाना, प्रदूषण नियंत्रणाचा दाखला, योग्यता प्रमाणपत्र. व्यावसायिक वाहन आठ वर्षांचे होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि त्यानंतर दरवर्षी तपासून घ्यावे लागते. ते वाहन चालविणाऱ्या माणसाला मात्र परवान्याच्या नूतनीकरणाच्या वेळी डॉक्टरांचा दाखला जोडावा लागतो आणि ते नूतनीकरण २०१९ च्या दुरुस्तीनंतर पाच वर्षांनी होते. पाच वर्षांत लोखंड गंजते, मग माणसाच्या रक्तवाहिन्यांचे काय होत असेल, हा प्रश्न आम्हांस वारंवार पडतो.

आपल्याकडे 'त्याला बीपी आहे' असे म्हणण्याची पद्धत आहे, जणू बाकीच्यांना रक्तदाब नसतोच! रक्तदाब सर्वांनाच असतो. तो १४०/९० किंवा त्याहून वर राहू लागला आणि निरनिराळ्या दिवशी मोजूनही तसाच आढळला, की त्यास उच्च रक्तदाब म्हणतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या साहाय्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीत प्रौढांपैकी ३५.५ टक्के लोकांना उच्च रक्तदाब असल्याचे आढळले. म्हणजे तिघांमागे एक. जागतिक आरोग्य संघटनेने त्याच वर्षी असे सांगितले, की जगातील अशा रुग्णांपैकी सुमारे पाचांतील चौघांवर पुरेसे उपचार होत नाहीत. ह्याचे मुख्य कारण हा विकार दुखत नाही. डोके ठणकत नाही, चक्कर येत नाही, भूक लागते, गाडी चालते. मग गोळी कशासाठी घ्यायची? अर्धांगाचा झटका येईपर्यंत, हृदय थकेपर्यंत किंवा मूत्रपिंडे निकामी होईपर्यंत ह्या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही.

चालकाचा व्यवसाय तर ह्या विकाराला आमंत्रण देणाराच. दिवसभर बैठक, रात्री अर्धवट झोप, ढाब्यावरचे खारट आणि तेलकट जेवण, जागे राहण्यासाठी तंबाखू व चहा, बंदराच्या दारावर तासन्‌तास रांग आणि त्यानंतर वेळ भरून काढण्याची घाई. लंडनच्या दुमजली बसगाड्यांमध्ये ह्या गोष्टीचा एक जुना पुरावा मिळतो. डॉ. जेरी मॉरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये 'लॅन्सेट' ह्या नियतकालिकात असे दाखवून दिले, की दिवसभर आसनावर बसणाऱ्या चालकांना हृदयविकार अधिक होतो आणि जिने चढत-उतरत तिकिटे फाडणाऱ्या वाहकांना तो कमी होतो. गाडी एक, रस्ता एक, पगाराची संस्था एक. फरक कामाच्या स्वरूपाचा. पुढे त्याच संशोधकांनी चालकांच्या आणि वाहकांच्या गणवेशाची मापे तपासली, तेव्हा चालकांच्या विजारींचा कमरेचा घेर मुळातच मोठा असल्याचे दिसले. म्हणजे सगळा दोष आसनाला देता येत नाही. जी माणसे चालक होतात त्यांच्यातही काही वेगळेपण असावे. आमच्या मते ह्या दुसऱ्या निष्कर्षामुळे पहिल्याचे मोल कमी होत नाही. चालक कमरेने जाड असो वा बारीक, त्याच्या कामाची रचना जिथे बदलता येते तिथे ती बदलली पाहिजे.

तथापि ह्या सर्वांहून मोठी एक अडचण आहे आणि तिच्याविषयी आरोग्य शिबिरांतून क्वचितच बोलले जाते. ती म्हणजे भीती. रोजावर किंवा खेपेवर काम करणाऱ्या चालकाला आकडा कळणे परवडत नाही. यंत्राने १७० दाखविले आणि ते मालकाच्या कानी गेले, तर उद्याची खेप दुसऱ्याला मिळेल, भत्ता बुडेल, कदाचित गाडीच हातून जाईल. म्हणून तपासणीचा मंडप दिसला की तो टायर पाहण्याचे निमित्त काढून पलीकडे जातो. त्याला आपण अडाणी म्हणतो. वास्तविक त्याने अचूक हिशेब केलेला असतो. त्याच्या हिशेबात आजची मजुरी आहे आणि मुलांची फी आहे. पाच वर्षांनंतरचा झटका नाही. हा हिशेब न बदलता दिलेले कोणतेही प्रशिक्षण त्याच्या कानावरून जाईल. 'मीठ कमी खा, चिंता करू नका' एवढे सांगून परतणाऱ्या वक्त्याने कळंबोलीच्या गाडीतळावर एक रात्र काढून पाहावी!

अमेरिकेतील व्यावसायिक चालकांसाठीचे वैद्यकीय मार्गदर्शन ह्या बाबतीत विचार करण्याजोगे आहे. तेथे रक्तदाब १४०/९० पेक्षा कमी असेल तर दोन वर्षांचे प्रमाणपत्र मिळते. त्याहून वर, पण १६०/१०० च्या आत असेल तर एका वर्षाचे. १६० ते १७९ किंवा १०० ते १०९ असेल तर तीन महिन्यांची सवलत. तेवढ्या मुदतीत उपचार करून आकडा खाली आणावा लागतो. १८०/११० किंवा अधिक असेल तर तो आटोक्यात येईपर्यंत गाडी बंद. ही पद्धत जशीच्या तशी आपल्याकडे उचलावी असे आमचे म्हणणे नाही. तिच्यातील एक गोष्ट मात्र घेण्यासारखी आहे: आकडा कळला म्हणजे नोकरी गेली असे नाही. बहुसंख्य चालकांना उपचार घेत काम चालू ठेवता येते आणि किती मुदत मिळणार हे त्यांना आधीच ठाऊक असते. भीतीची जागा नियमाने घेतली, की माणूस दंड पुढे करतो.

म्हणून कामाच्या ठिकाणचे प्रशिक्षण मालकापासून आणि आगारातील किंवा कंपनीतील पर्यवेक्षकापासून सुरू झाले पाहिजे. चालकांना पहिला धडा देण्यापूर्वी मालकाने दोन गोष्टी लिहून द्याव्यात. पहिली, तपासणीचा आकडा चालक आणि परिचारिका ह्यांच्यापुरता राहील. मालकाला फक्त 'गाडी चालविण्यास योग्य' किंवा 'आज विश्रांती' एवढेच कळेल. दुसरी, विश्रांती सांगितली तर त्या दिवसांची मजुरी कापली जाणार नाही. दुसरी अट मालकांना रुचणार नाही हे आम्ही जाणतो. परंतु बोरघाटात उतारावर चालकाला झटका आला, तर त्या एका क्षणात गाडी, माल आणि माणसे ह्यांचे जे होईल, त्यापुढे चार दिवसांची मजुरी ही रक्कम नव्हेच.

कायद्याचा आधारही ह्या मागणीला आहे. मोटार वाहतूक कामगार कायदा १९६१ चा. दिवसाला आठ तास, आठवड्याला ४८ तास, सलग पाच तासांनंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती आणि रात्री मुक्काम करावा लागतो तेथे विश्रांतिगृह, ह्या गोष्टी त्यात साठ वर्षांहून अधिक काळ लिहिलेल्या होत्या. रस्त्यावर त्या किती दिसल्या हे वाचकांनीच आठवून पाहावे. तो कायदा आता व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कामाची स्थिती संहिता २०२० मध्ये विलीन झाला असून ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली आहे. तिच्यानुसार चाळीस वर्षांवरील कामगारांची दरवर्षी मोफत आरोग्य तपासणी मालकाने करावयाची, असे केंद्र सरकारने जाहीर केले आहे. परंतु ही संहिता मुख्यतः दहा किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांसाठी आहे. एक-दोन गाड्यांचा मालक, जो पुष्कळदा स्वतःच चालक असतो, तो ह्या छत्राबाहेर उभा आहे. त्याच्यासाठी वाहतूकदारांच्या आणि रिक्षा-टॅक्सीवाल्यांच्या संघटनांनाच पुढे यावे लागेल.

आता प्रत्यक्ष शिकवायचे काय आणि कसे? सभागृह, फलक, पाहुणे आणि हारतुरे ह्यांचा येथे उपयोग नाही. गाडी ताब्यात घेण्याच्या वेळी वीस मिनिटे मिळतात. माल उतरेपर्यंतची प्रतीक्षा मिळते. आगारात चालक-वाहकांच्या विश्रांतिगृहात सायंकाळचा तास मिळतो. तेथेच हे शिक्षण व्हावे आणि ते चालकाच्या भाषेत व्हावे. अवजड गाडीच्या चालकाला हवेच्या ब्रेकचा दाब दाखविणारा काटा ठाऊक असतो. टाकीत दाब भरल्याविना तो गाडी हलवीत नाही. इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल रेघेकडे सरकला की बाजूला घेतो. बॉनेटमधून वाफ येण्याची वाट पाहत नाही. शरीराच्या काट्याचेही तसेच आहे, एवढे एकदा पटले की निम्मे काम झाले. एचआयव्हीच्या काळात मालमोटार चालकांमध्ये जे प्रबोधन देशभर झाले, त्यात चालकांमधूनच तयार केलेल्या शिक्षकांचे बोलणे सर्वांत अधिक ऐकले गेले. औषध घेऊन पाच वर्षे गाडी चालविणारा एक चालक दहा तज्ज्ञांच्या व्याख्यानांना भारी पडतो.

पहिला धडा रक्तदाब मोजण्याचा असावा. गाडीतून उतरून तडक यंत्र बांधले तर आकडा हमखास चढा येतो. पाच मिनिटे शांत बसावे, पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, दंड हृदयाच्या पातळीवर टेकविलेला. आधीच्या अर्ध्या तासात चहा, बिडी, तंबाखू नको. मोजताना बोलू नये. आणि त्याआधी लघवीला जाऊन यावे, कारण मूत्राशय भरलेले असताना रक्तदाब वाढलेला दिसतो. ही शेवटची सूचना इतरांना किरकोळ वाटेल; ज्याला द्रुतगती मार्गाच्या कोंडीत तीन तास तसेच बसावे लागते, त्याला ती किरकोळ नाही. दंडावर बांधायचे डिजिटल यंत्र मनगटावरच्या यंत्रापेक्षा अधिक विश्वासार्ह. मालमोटारीच्या एका टायरच्या किमतीत अशी अनेक यंत्रे येतात.

औषधांचा धडा त्याहून महत्त्वाचा, कारण चालकाच्या जीवनात औषध मोडते ते प्रवासात. डॉक्टरांना 'मी गाडी चालवतो' हे वाक्य पहिल्यांदा सांगायला शिकविले पाहिजे. त्या एका वाक्याने औषधाची निवड बदलू शकते. लघवी वाढविणारी गोळी सकाळी घेऊन निघालेल्या चालकाला पुढच्या चाळीस किलोमीटरांत तीनदा थांबावे लागले, तर दुसऱ्या दिवशी तो ती गोळी घेणारच नाही. ॲम्लोडिपिन हे स्वस्त व चांगले औषध. पण काहींच्या पायांवर त्याने सूज येते आणि आठ-दहा तास पाय लोंबकळत ठेवणाऱ्याला ती अधिक जाणवते. अशा वेळी गोळी आपणहून बंद न करता डॉक्टरांकडे जावे, ते पर्यायी औषध देऊ शकतात. काही औषधांनी सुरुवातीला गुंगी किंवा चक्कर येते; म्हणून नवे औषध शक्यतो सुट्टीच्या दिवशी सुरू करावे. गोळ्यांची पट्टी डॅशबोर्डवर ठेवू नये, मे महिन्यात बंद केबिनची भट्टी होते. डब्याच्या पिशवीत ठेवावी. (मध्यम व अवजड मालमोटारींच्या केबिनला १ ऑक्टोबर २०२५ पासून कारखान्यातच वातानुकूलन बसविणे सक्तीचे झाले आहे; परंतु रस्त्यावरच्या बहुतेक गाड्या त्यापूर्वीच्या आहेत.) आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट: कंबर धरली म्हणून औषधाच्या दुकानातून घेतल्या जाणाऱ्या वेदनाशामक गोळ्या. डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन वारंवार घेतल्याने रक्तदाब वाढतो आणि मूत्रपिंडांवर ताण पडतो. कंबरदुखी नसलेला चालक विरळाच, तेव्हा ह्या एका माहितीचा लाभ किती होईल ह्याची कल्पना करावी.

जेवणाबाबत उपदेश पुष्कळ झाला आहे, आम्ही थोडक्यात सांगतो. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला पाच ग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे लहान चमचाभराच्या आत मीठ घेण्यास सांगते. लोणचे, पापड, फरसाण, मिसळीवरची शेव आणि सुकी मासळी ह्यांतून ते केव्हाच ओलांडले जाते. चालकाला एकट्याला हे सांगून भागत नाही. डबा भरणारी गृहिणी आणि ढाब्याचा आचारी ह्यांना वगळून हा विषय पूर्ण होत नाही. झोपेबाबत मात्र थोडे थांबले पाहिजे. जो चालक मोठ्याने घोरतो, झोपेत ज्याचा श्वास मधूनच अडकतो आणि दिवसा सिग्नलला थांबताच ज्याचे डोळे मिटतात, त्याला झोपेतील श्वासरोधाचा विकार असू शकतो. त्याने रक्तदाब वाढतो, दोन-दोन गोळ्यांनीही तो उतरत नाही, आणि चाकावर डुलकी लागते ती निराळीच. हे चालकाला स्वतःला कळत नाही. ते त्याच्या पत्नीला किंवा क्लीनरला ठाऊक असते. प्रशिक्षणाला त्यांनाही बोलवावे.

कोणती लक्षणे दिसल्यास गाडी तत्काळ बाजूला घ्यावी हेही पाठ असले पाहिजे: छातीत दाब, जीभ जड होणे, तोंड एका बाजूला ओढले जाणे, हातापायातील शक्ती जाणे, एकाएकी अंधुक दिसणे. अशा वेळी १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. 'पुढच्या टोलपर्यंत नेतो' म्हणू नये.

हे सर्व आपल्या राज्यात अशक्य नाही. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारतीय उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात महाराष्ट्रातून प्रारंभी जे मोजके जिल्हे घेतले गेले, त्यांत सातारा आणि सिंधुदुर्ग होते. पनवेलहून निघणाऱ्या दोन मोठ्या रस्त्यांपैकी एक साताऱ्याला जातो आणि दुसरा सिंधुदुर्गात, हा योगायोग आम्हांस बोलका वाटतो. ठरावीक साधी औषधयोजना, औषधांचा अखंड पुरवठा, परिचारिका व आरोग्यसेवकांकडे सोपविलेली देखभाल, घराजवळ मिळणारी गोळी आणि प्रत्येक रुग्णाची नोंद, एवढ्याच गोष्टींवर तो उपक्रम उभा आहे. २०२२ मध्ये त्यास संयुक्त राष्ट्रांचा पुरस्कारही मिळाला. घराजवळ गोळी मिळावी हे त्यातील तत्त्व शेतकऱ्याला लागू पडते. चालकाचे घर मात्र महिन्यातले वीस दिवस चाकांवर असते. ज्या तारखेला गोळ्या संपतात, त्या तारखेला तो हुबळीला किंवा सुरतेला असतो. त्याला एका वेळी दोन-तीन महिन्यांच्या गोळ्या मिळाव्यात आणि गाडीतळावर, आगारात, बंदराच्या वाहनतळावर औषध देण्याची व नोंद पाहण्याची सोय व्हावी. तीस वर्षांवरील प्रत्येकाचा रक्तदाब सरकारी आरोग्य केंद्रात मोफत तपासला जातो. ती तपासणी आठवड्यातून एक सायंकाळ कळंबोलीच्या गाडीतळावर आणणे, ह्यास नवी योजना लागत नाही, फक्त परिचारिकेची कामाची वेळ बदलावी लागते. पनवेल महानगरपालिका १ ऑक्टोबर २०१६ रोजी स्थापन झाली. दहा वर्षांच्या ह्या तरुण संस्थेने एवढे मनावर घ्यावे.

आमच्या वाचकांपैकी अनेकांच्या घरी कोणी ना कोणी शाळेची बस, कंपनीची गाडी किंवा पर्यटकांची टॅक्सी चालविते. आरशाजवळ संत ख्रिस्तोफरचे पदक अडकविलेले असते. त्याच्या शेजारी गोळ्यांची आठवण देणारी एक चिठ्ठी चिकटविण्यास कोणाची हरकत नसावी. पण वाचकांपैकी पुष्कळ जण गाडी भाड्याने घेणारेही आहेत, आणि भाड्याने घेणाऱ्यालाही त्या प्रवासापुरती मालकाची जबाबदारी येते हे आपण सोयीस्करपणे विसरतो. २१ नोव्हेंबर २०२४ ते ५ जानेवारी २०२५ ह्या काळात जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियर ह्यांच्या पवित्र अवशेषांचे दर्शन होते. भाविकांच्या अनेक बसगाड्या पळस्प्यावरून रात्री निघाल्या, पहाटे पोहोचल्या. भाविक दर्शनाच्या रांगेत उभे राहिले आणि चालक वाहनतळावर आसनातच कलंडला, कारण संध्याकाळी परत निघायचे होते. सहलीच्या हिशेबात डिझेल, टोल, नाश्ता, मेणबत्त्या असे सगळे रकाने होते. पुढच्या यात्रेच्या पत्रकात चालकाच्या खोलीचे भाडे आणि त्याच्या आठ तासांच्या झोपेची वेळ आधी लिहावी, मग बसचा दर ठरवावा. दर माणशी थोडे रुपये वाढतील.